मावशीला इंग्रजीत काय म्हणतात

कोरियातल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गाच्या दारावर एक पाटी आहे. कोरियन अक्षरं नुकती ओळखू यायला लागली होती, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात मी ती एकेक अक्षर लावत वाचली. वॉन, ऑ, मिन. वॉन म्हणजे मूळ, ऑ म्हणजे भाषा, मिन म्हणजे माणसं. वॉनॉमिन, म्हणजे ज्यांची ती मूळचीच भाषा आहे अशी माणसं. त्यापुढे 'शिक्षक'. पाटी वाचता आली याचा आनंद आधी झाला, अर्थ मागून डोक्यात शिरला, आणि मग शाळेतल्या सपाता हातात धरून मी दाराबाहेर बराच वेळ उभी राहिले. माझी मूळची भाषा आजरा तालुक्यातली मराठी आहे.

इंग्रजीचं पहिलं अक्षर मी पाचवीत गिरवलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेतल्या पोराला ते पाचवीत भेटायचं, आणि आमचा वर्ग त्या जुन्या पद्धतीतल्या शेवटच्या काही वर्गांपैकी. गुरुजी फळ्यावर 'इज' लिहायचे आणि समोर 'आहे'. 'आर' लिहायचे आणि समोर 'आहेत'. आम्ही एका सुरात म्हणायचो. इंग्रजीत घडाघडा बोलणारं माणूस समोरासमोर पाहिलं ते कोल्हापूरला कॉलेजात गेल्यावर, आणि त्या दिवशी मी संपूर्ण तास तोंड उघडलं नव्हतं.

मग मी इथे कशी, हे नातेवाईक अजून विचारतात. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा जो ई-२ व्हिसा आहे तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी असतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्या यादीत नाही. पण भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, आणि जकात, मोटारींचे सुटे भाग वगैरेंच्या गर्दीत त्यात एक छोटी वाट निघाली. इंग्रजीची पदवी आणि शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयाला इथे इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून काम करता येतं. माझ्याकडे एम.ए. होतं, बी.एड. होतं, सात वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवल्याचा दाखला होता. मंत्रालयातला शिक्का, अ‍ॅपोस्टिल, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी असं करत करत मी हेनामला येऊन पोचले.

हेनाम हे कोरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, दक्षिण जल्ला प्रांतातलं ठिकाण. इथून पुढे मुख्य भूमी संपते. जिथे संपते त्या गावाचं नावच त्तांगक्कुत, जमिनीचं टोक. बाकी सगळी शेती. किमचीसाठी लागणारा लांबट कोबी मैलोन् मैल, आणि तांबड्या मातीत रताळी. कार्तिकी एकादशीच्या सुमाराला इथे रताळ्यांचा हंगाम नुकता उरकलेला असतो. पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या आजीने खोकं भरून रताळी पाठवली, ती मी उपासाला उकडून खाल्ली आणि आईला फोटो पाठवला. आईचं उत्तर आलं, 'मग काय, बरं चाललंय तुझं.' तिची काळजी त्या दिवशी मिटली.

शाळा लहान आहे. सहावीत सात मुलं, पहिलीत यंदा दोन. जिन्याशेजारी जुन्या तुकड्यांचे निरोपाचे फोटो लावलेत. कृष्णधवल फोटोंत मुलांच्या चार-चार रांगा आहेत, मागची पोरं बाकावर चढून उभी. फोटो रंगीत होत जातात तशा रांगा कमी होतात. २०२३ साली या देशाचा जननदर ०.७२ वर आला होता, म्हणजे दर बाईमागे सरासरी एक मूलसुद्धा नाही. तो आकडा मी बातमीत वाचला होता, पण मला कळला तो या जिन्यात.

पहिल्या सत्रात एका पालकाने माझ्या सहशिक्षिकेला विचारलं, ही खरीच वॉनॉमिन आहे का, मुलांचे उच्चार बिघडणार तर नाहीत ना. सहशिक्षिकेने ते माझ्यापासून लपवलं नाही. तिला लपवणं अपमानाचं वाटलं असावं. मला त्या रात्री झोप आली नाही. प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पोटच्या पोराच्या शिक्षणाबद्दल कुणीही विचारील. पण मी स्वतःला दहाव्या वर्षापासून तोच प्रश्न विचारत आले होते, आणि समुद्र ओलांडून आल्यावरही तो पुढे येऊन बसला, याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात मी सांगून टाकलं. इंग्रजी माझी आईची भाषा नाही. मी ती शाळेत शिकले. दहा वर्षांची असताना. सहशिक्षिकेने भाषांतर केलं. वर्ग शांत. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा, तोवर माझ्याशी एक शब्द न बोललेला, बोटांवर काहीतरी मोजत होता. इथे इंग्रजी तिसरीपासून शिकवतात, १९९७ पासून. त्याचं मोजून झालं आणि तो कोरियनमध्ये म्हणाला, 'म्हणजे टीचर, मी तुमच्या आधी सुरुवात केली.' मी म्हटलं, हो, केलीस. त्या दिवसानंतर तो बोलायला लागला. चुकत, अडखळत, पण बोलायला लागला. मला वाटतं, त्या क्षणापासून मी इथे शिकवायला लागले. त्याआधीचे तीन महिने मी एखाद्या दुसऱ्याच बाईसारखं बोलण्याचा प्रयत्न करत होते.

इथली मुलं 'फिश' म्हणताना 'पिशी' म्हणतात आणि 'व्हिडिओ'चा 'बिदिओ' करतात, कारण त्यांच्या भाषेत फ्फ करून हवा सोडायचा आवाज नाही आणि दात ओठावर टेकवायचा 'व्ह'ही नाही. यावर उपाय पुस्तकात लिहिलेला असतो, पण मला तो पुस्तकातून आठवत नाही. माझी आजी 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ घट्ट मिटायची आणि मग उघडायची. मी स्वतः बी.एड.ला जाईपर्यंत 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकच समजत होते, कारण माझ्याकडे एकच 'व' होता. तेव्हा ओठ कुठे असतो, जीभ कुठे जाते, चूक कुठून निघते, हे मला आतून माहीत आहे. ज्याला ते आवाज पाळण्यातच मिळाले त्याला ते सांगता येतीलच असं नाही.

'सिक्स'चं 'शिक्स' होतं ही तर इथली सर्रास गोष्ट. कोरियनमध्ये 'स'पुढे 'इ' आली की 'श' होतो. मी वर्गाबाहेर येऊन स्वतःशीच म्हणून पाहिलं: म्हैस, म्हशी. पैसा, पैशाला. घसा, घशात. आपणही तेच करतो की. आपल्याला कुणी चूक म्हणत नाही, कारण ते व्याकरणात बसलंय.

आणि वाक्याची रचना. 'नानन हाक्योए कायो.' मी शाळेत जाते. ना म्हणजे मी, हाक्यो म्हणजे शाळा, त्याला चिकटलेलं 'ए' म्हणजे आपला 'त', आणि शेवटी क्रियापद. शब्दांचा क्रम जिथल्या तिथे. त्यामुळे एखादं पोर 'आय स्कूल गो' म्हणतं तेव्हा मला ते पोर हेनामचं वाटत नाही, आजऱ्याच्या शाळेतलं वाटतं. तिथेही वह्यांमध्ये मी हेच वाक्य शेकड्याने दुरुस्त केलंय. सहशिक्षिकेला मी फळ्यावर कोरियन, मराठी आणि इंग्रजी वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवली. वरच्या दोन ओळींत बाण सरळ खाली उतरले, तिसऱ्या ओळीत एकमेकांना छेदून गेले. ती बघत राहिली आणि म्हणाली, 'म्हणजे त्यांना किती दूर जावं लागतं.' आता दर मार्चला, शाळेचं नवं वर्ष सुरू होतं तेव्हा, ते बाणांचं चित्र आम्ही पहिल्याच तासाला काढतो.

ही सहशिक्षिका माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तिने चहा पुढे करता करता वय विचारलं होतं. आधी मला ते थोडं आगाऊ वाटलं. नंतर लक्षात आलं की इथे समोरच्याचं वय कळल्याशिवाय क्रियापदाचा शेवटच ठरत नाही. आपल्याकडे 'आलास' की 'आलात' यात जी गोची होते, ती इथे प्रत्येक वाक्यात. माझं वय ऐकून तिने सुटकेचा श्वास टाकला. शाळेत ती मला 'सॉनसेंगनिम' म्हणते. सॉन म्हणजे आधी, सेंग म्हणजे जन्मलेली, आणि निम म्हणजे आपला 'जी'. शाळा सुटल्यावर ती मला 'ऑन्नी' म्हणते, ताई.

मुलांच्या तोंडी इंग्रजीतला 'यू' माझ्यासाठी कधी येत नाही. 'टीचर, टीचर हंग्री?' असं विचारतात. इंग्रजीच्या नजरेने ही चूक आहे. पण थोरामोठ्यांना तोंडावर सर्वनामाने बोलायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण आहे. आमच्याकडेही मुलं 'बाई, बाई जेवल्या का?' असंच विचारायची, समोर मी उभी असताना. ते वाक्य मी दुरुस्त करते, कारण ते माझं काम आहे, पण आधी त्याला उत्तर देते. हो, बाईंना भूक लागली आहे.

दुपारचं जेवण शाळेतच. स्टीलचं खणांचं ताट, त्यात भात, सूप, किमची, दोन भाज्या किंवा मासे. मी गोमांस खात नाही हे स्वयंपाकघरातल्या बायकांना पहिल्या आठवड्यात कळलं, आणि त्या दिवसापासून त्यात ते असलं की वाढणारी बाई पळी हवेत धरून मान हलवते आणि बाजूला काढून ठेवलेलं अंडं माझ्या ताटात टाकते. याविषयी आमच्यात कधी एक वाक्य बोललं गेलेलं नाही. भात चिकट असतो. आजऱ्याच्या घनसाळाच्या वासावर वाढलेल्या माणसाला सुरुवातीला तो जमत नाही. वर्षभराने मला तो आवडायला लागला, आणि त्यानंतर सुट्टीत घरी गेले तेव्हा घनसाळाचा वास आधी होता त्याहून जास्त आला.

बसस्टँडजवळ एक खाणावळ आहे, शनिवारी मी तिथे जाते. मालकिणीला हाक काय मारायची ते सहशिक्षिकेने शिकवलं होतं: इमो. अर्थ विचारला तर म्हणाली, आईची बहीण. मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. कोल्हापूरला मेसमध्ये पाच वर्षं मी 'मावशी, एक भाकरी' असंच तर ओरडत होते. ही इमो जल्ला प्रांताच्या बोलीत बोलते, आणि त्या बोलीत एक शब्द आहे, 'कॉशिगी'. वस्तूचं नाव आठवलं नाही की कॉशिगी, माणसाचं नाव आठवलं नाही की कॉशिगी, सांगायचं आहे पण उघड बोलायचं नाही तरी कॉशिगी. 'त्ये आपलं ह्ये'. माझी आजी अख्खी गोष्ट या तीन शब्दांवर सांगायची आणि आम्हाला सगळी समजायची.

मुलांशी सर्वांत आधी मैत्री झाली ती अशाच शब्दांवरून. तारे 'पान्जाक पान्जाक' करतात, आमच्याकडे लुकलुक करतात. छाती 'तुगुन तुगुन' होते, आमची धडधडते. रस्सा चुलीवर 'पोगुल पोगुल' करतो, आमचा रटरटतो. एकदा तिसरीच्या वर्गात आम्ही पूर्ण तास हेच केलं, मी त्यांचे आवाज म्हणायचे आणि ती माझे. 'धडधड' म्हणताना त्यांना 'ध' सापडेना, आणि एका मुलीने छातीवर हात ठेवून तो सापडेपर्यंत सोडला नाही. त्या दिवशीचा इंग्रजीचा धडा राहून गेला. दुसऱ्या दिवशी तो निम्म्या वेळात झाला.

नोव्हेंबरात एक गुरुवार येतो, सुनुंगचा. बारावीची मुलं विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा देतात. त्या दिवशी कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, म्हणजे रस्ते मोकळे राहावेत. उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीतून केंद्रावर सोडतात. आणि दुपारी इंग्रजीच्या श्रवणचाचणीची साधारण पस्तीस मिनिटं देशभरात विमानांना उडायला आणि उतरायला बंदी असते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वास बसला नाही. आता दरवर्षी त्या वेळी मी शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहते. हेनामच्या आभाळात तशीही विमानं फारशी दिसत नाहीत. तरी त्या शांततेत मला धडधडतं. कुणाच्याच घरी न बोलल्या जाणाऱ्या एका भाषेसाठी सगळा देश श्वास रोखून धरतो, आणि कुठल्याशा केंद्रात एक पोर कान टवकारून बसलेलं असतं, एकही शब्द निसटू नये म्हणून. मीही अशी बसलेले आहे. त्या पोराला एवढंच सांगावंसं वाटतं की चुकलेला शब्द पुढे कुठेतरी परत भेटतो. पण त्या दिवशी ते कुणी ऐकणार नाही, मीही ऐकलं नसतं.

शाळा चार चाळीसला सुटते. तेव्हा आजऱ्यात दुपारचे एक वाजून दहा मिनिटं झालेली असतात, आई जेवून ओट्यापाशी आवराआवर करत असते. फोनवर ती गावच्या बातम्या देते. मी जिथे शिकले त्या शाळेचा पट यंदा आणखी घटला. मुलं कमी झाली म्हणून नाही, मुलं आहेत, सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाला जातात. हे ऐकताना मला काय वाटतं ते मला नीट मांडता येत नाही. इथली शाळा ओस पडतेय कारण मुलंच जन्माला येत नाहीत. तिथली ओस पडतेय ती ज्या भाषेवर माझं पोट चालतं तिच्यामुळे. आईला मी हे एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, 'तू मराठी शाळेत शिकून तिथवर गेलीस, हे सांग की कुणालातरी.' म्हणून इथे लिहिते आहे. जे पालक माझं हे वाचत असतील त्यांना मनापासून सांगते: मला या वर्गात जे उपयोगी पडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मराठीने दिलेलं आहे. पदवीने मला विमानात बसवलं. मुलांपर्यंत मला मराठीने नेलं.

गेल्या वसंतातला एक तास सांगते. धडा कुटुंबाचा होता. पडद्यावर चित्र आलं, एक हसरी बाई, खाली वाक्य: धिस इज माय आन्ट. लगेच मागून प्रश्न आला, 'इमो की कोमो?' इमो म्हणजे आईची बहीण, कोमो म्हणजे बापाची. सहशिक्षिका म्हणाली, इंग्रजीत दोघींना एकच शब्द आहे. मुलांना ते पटेना. एकाने कळवळून सांगितलं की त्याची कोमो शेजारच्याच गावात राहते, नव्या वर्षाला नमस्कार केला की पैसे देते, आणि इमो सोलला असते, तिला तो दोन वर्षांत भेटलेला नाही. त्या दोघी एक कशा?

मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एकीकडे इमो, एकीकडे कोमो. इमोखाली देवनागरीत लिहिलं मावशी, कोमोखाली आत्या. मुलांनी दोन्ही शब्द म्हणून पाहिले. मग मामा आणि काका विचारून घेतले, तेही वेगळे आहेत हे ऐकून टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आन्ट हा शब्द शिकायचाच आहे, पण तो लिहिताना मलाही दरवेळी मनात विचारावं लागतं, कुठली?

खिडकीशेजारी एक मुलगी बसते. तिची आई व्हिएतनामहून लग्न होऊन इथे आली. या भागातल्या गावांत अशी घरं बरीच आहेत. मुलगी कोरियनच बोलते, इंग्रजीच्या तासाला सहसा मान खाली घालून असते, आणि आईच्या भाषेविषयी कुणी काही विचारलेलं तिला आवडत नाही. त्या दिवशी तिने हात वर केला नाही. नुसतंच म्हणाली, 'टीचर, यी.' मला वाटलं काही हवंय. ती पुन्हा म्हणाली, फळ्याकडे बोट दाखवत, मावशीच्या खालच्या रिकाम्या जागेकडे. 'माय मॉम. यी.' मग दुसऱ्या बाजूला बोट नेलं. 'को.'

मी रोमन अक्षरांत लिहिलं, ऐकू आलं तसं. वाय आणि आय. ती उठून फळ्याशी आली. वाय पुसून तिने तिथे डी लिहिला, मग आयवरचा ठिपका बोटाने पुसला आणि त्या जागी डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक रेघ ओढली. मग माझ्याकडे वळून शब्द पुन्हा म्हणून दाखवला, आवाज हळूहळू खाली सोडत. मी म्हटलं. तिने मान हलवली, नाही. मी परत म्हटलं. वर्ग ऐकत होता. तिसऱ्यांदा तिने माझा आवाज कुठे खाली यायला हवा ते हाताने हवेत काढून दाखवलं.

चौथ्या वेळी ती म्हणाली, 'गुड, टीचर.'